लोखंड इथे काढून ठेवा

फाटकावर पाटी होती: लोखंड इथे काढून ठेवा. पाटी लाकडाची आणि ती ठोकलेले खिळे पितळेचे. लोखंडाचे खिळे ठोकून लोकांना लोखंड आणू नका म्हणून सांगणं म्हणजे निव्वळ चावटपणा झाला असता. ही सगळी अक्कल जिची, तिला प्रयोगशाळेतले सगळे लोखंडबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

फाटकापलीकडे झाडीतून एक पायवाट खाली खोलगट जागेत उतरायची. तिथे जमिनीत एक यंत्र पुरलेलं होतं, दिसायला नळाच्या तुकड्यासारखं. चुंबकीय हालचाल टिपणं हे त्याचं काम. आणि स्वभाव असा तिरसट, की जवळपास साधी किल्ली हलली तरी बिघडलंच याचं. म्हणून तिकडे जाणाऱ्याने फाटकाशी खिसे रिकामे करायचे. किल्ल्या, पट्टा, केसांतल्या पिना, सगळं. मोठमोठे प्राध्यापक एका हाताने पँट सावरत त्या वाटेने निघाले की लोखंडबाई तोंड फिरवून हसून घ्यायची.

ही वसुली करायची भिंगरी. भिंगरी म्हणजे लोखंडबाईची एकुलती एक लेक. पाळण्यातलं नाव काही वेगळंच होतं, पण पोर जन्मल्यापासून एका जागी म्हणून टिकली नाही, तेव्हा हेच नाव पडलं. शाळेला सुट्टी असली की आईबापांबरोबर कामावर यायची, फाटकात पाय रोवून उभी राहायची आणि डोक्यावरची पिवळी टोपी उलटी करून पुढे धरायची.

“काढा. सगळं काढा. चष्मा कसला आहे?”

“प्लास्टिकचा गं, बाई.”

“आणि त्याचे स्क्रू?”

आता बोला! ज्यांच्यापुढे सारी प्रयोगशाळा चळचळ कापायची ते गृहस्थ चष्मा टोपीत टाकून, भिंगरीच्या बापाच्या खांद्यावर हात ठेवून, चाचपडत खाली गेले. जाताना म्हणाले, “ही आईच्या वरताण निघणार.” बाप असा फुलला, जसं काही त्यालाच बक्षीस मिळालं.

हा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या माळावर लांबच लांब दोन नळ्या होत्या, आत लेसरचा उजेड आणि तारांवर टांगलेले आरसे. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच किंचित ताणलं जातं, आणि आरसे इतके कमी हलतात की त्याला हलणं म्हणायलाही जीभ रेटत नाही. या झाल्या गुरुत्वीय लहरी. एखादी मोठी टक्कर सापडणं आता नवलाचं राहिलेलं नव्हतं. भिंगरीचा बाप ज्याच्यापायी वेडा झाला होता ते निराळं. अशा टकरा विश्वभर सतत चालू असतात, बहुतेक इतक्या लांब की एकेकटी कधी कळायची नाही. पण सगळ्या मिळून एक मंद गुणगुण होत असणार, मागे, कायमची. ती त्याला ऐकायची होती. लग्नाआधीपासून हेच. लोखंडबाई म्हणायची, “माझी सवत आहे ती, आणि मेली दिसतही नाही.”

ती गुणगुण एका यंत्राला कळत नाही, त्याच्या स्वतःच्याच खडखडाटात बुडते. म्हणून यंत्रं दोन. एक इथे, एक समुद्रापार. हे त्याने भिंगरीला एकदा समजावलं होतं.

“हे बघ, दोन गावच्या दोन शाळांतली दोन मुलं. चुका ज्याच्या त्याच्या. पण एखादं उत्तर दोघांचं तंतोतंत जुळलं, तर काय समजायचं?”

“दोघांनी अभ्यास केलाय.”

“शाब्बास!”

“नाहीतर पेपर फुटलाय,” भिंगरी म्हणाली.

बाप हसून हसून बेजार झाला. कारण पोरीने नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं होतं. पेपर फोडणारी होती वीज, आभाळातली. पृथ्वीवर कुठे ना कुठे ती पडतच असते. तिचा चुंबकीय घुमारा साऱ्या पृथ्वीभोवती फिरत राहतो, इथल्या आरशांवरच्या चुंबकांना, केबलींना अगदी हलकेच ढकलतो, आणि समुद्रापारच्यांनाही त्याच वेळी, तसाच. म्हणजे उत्तर दोन्हीकडे जुळणार आणि त्याचा विश्वाच्या गुणगुणीशी काडीचा संबंध नाही. हा चोर पकडायला दोन्हीकडे एकेक साक्षीदार लागतो. खोलगट जागेत पुरलेलं ते यंत्र म्हणजे इथला साक्षीदार. सगळे त्याला म्हणायचेही तसंच. दोन्ही साक्षीदारांनी एकच घुमारा ऐकला की तेवढा वाटा वजा करायचा, उरेल ते खरं. पण साक्षीदाराच्या कानाशी दुसराच गोंगाट असेल तर त्याला वीज ऐकू कशी येणार? म्हणून तो एकांत, ती पाटी, ती टोपी.

मग भिंगरीचा पाय दुखू लागला. वाढतं वय आहे, उड्या मारते, दुखणारच, असं म्हणण्यात काही दिवस गेले. त्या दिवसांसाठी लोखंडबाईने स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही, जरी डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्याने काही फरक पडला नसता. दुखणं हाडातलं होतं. त्याचं नाव घरात कुणी तोंडातून काढलं नाही. लोखंडबाईच्या सासूबाई ‘ते’ म्हणायच्या. ते वाढलं, ते थांबलं, ते परत आलं. केस गेले, तेव्हा भिंगरी आरशात बघून म्हणाली, “माझ्या पिनांची कटकट मिटली.” आणि मग चालणं गेलं. इस्पितळातून चाकांची खुर्ची आणली, जुनी, जड, सगळी लोखंडी.

खुर्चीतून ती पहिल्यांदा कामावर आली तेव्हा सवयीने फाटकापाशी गेली. लोकांच्या किल्ल्या मांडीवर घेतल्या. आईबाप आत शिरले, आणि तिने चाकाला हात घातला, आणि थांबली.

“मी आता लोखंडाची झाले ना,” ती म्हणाली. “मला कोण काढून ठेवणार?”

हसतच म्हणाली. तीच तर पंचाईत होती, पोरगी सगळं हसत म्हणायची. पण ते परत आले तेव्हा ती फाटकाकडे पाठ करून बसली होती, किल्ल्या मांडीवर, आणि मुळीच हलत नव्हती. बापाने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने साक्षीदाराला खोलगट जागेतून उकरून काढलं आणि नळ्यांतली हवा खेचणाऱ्या पंपाच्या खोलीमागे, फरसबंद वाटेच्या कडेला पुरलं. तिथवर खुर्ची जात होती.

“अरे, डोकं ठिकाणावर आहे का?” लोखंडबाई म्हणाली. “इथे पंप आहे. आणि खुर्ची लोखंडाची. काय ऐकणार तो इथे, कपाळ?”

“राखीव यंत्र दुरुस्तीहून आलं की ते पुरू खाली. थोड्या दिवसांची तर गोष्ट.” मग तो जरा थांबला. “इस्पितळात जायच्या आधी रोज येऊ दे तिला तुझ्याबरोबर. तिला फाटकाशी बसलेली मला बघवत नाही गं.”

जिने एकदा भेटीला आलेल्या मंत्र्याला पट्टा काढायला लावला होता, ती लोखंडबाई गप्प बसली. साक्षीदार हलवल्याचं तिने रीतसर नोंदवलं आणि विषय संपवला.

मग रोज सकाळी दोघी यायच्या. आई गुडघे टेकून यंत्राची पेटी तपासायची आणि भिंगरी शेजारी खुर्चीत. स्वस्थ कुठली बसतेय! चाकं पुढे, चाकं मागे, पुढे, मागे.

“काय म्हणतेय वीज?”

“म्हणतेय, भिंगरी, जरा दम धर, मला काही ऐकू येत नाहीये.”

“तिला म्हणावं, मी आधी आलेय.”

राखीव यंत्र आलं, पण खोकं उघडायला सवड कुणाला होती? थंडी सरता सरता भिंगरी गेली. पुढे काय सांगायचं! गेली.

राखीव यंत्र लोखंडबाईने नंतर एकटीने खाली नेऊन पुरलं. पंपामागच्या साक्षीदाराची तार तोडली आणि तो तिथेच मातीत राहू दिला. ती कामावर जात राहिली, कारण काम हातांना येत होतं. नवऱ्याचं तसं झालं नाही. तो खिडकीपाशी बसायचा. सासूबाई त्याच्यापुढे ताट ठेवायच्या आणि तेच ताट उचलून न्यायच्या. दाढी वाढली, कपडे खांद्यावरून लोंबायला लागले. रात्रंदिवस ते घर असं असायचं, की त्यात घड्याळही अंग चोरून चालतंय असं वाटावं. नवराबायको एकमेकांशी बोलत, नाही असं नाही. गॅस संपलाय, पाणी आलंय, छत्री घे. त्या महिन्यांबद्दल मात्र चकार शब्द नाही. तसं दोघांनी ठरवलं नव्हतं, पण पाळलं अगदी कसोशीने.

मग हळूहळू तो उठला. कामावर जायला लागला, जुना डेटा काढून बसायला लागला. त्याचे सहकारीही जुंपले. योगायोग बघा, दोन्ही यंत्रं सगळ्यात शांत चालली होती ती नेमकी भिंगरीच्या दुखण्याच्या वर्षी. आणि एके दिवशी तो भरदुपारी घरी आला, चपलांसकट आत, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “ऐकू आली.”

गुणगुण सापडली होती. दोन्हीकडे तीच, जुळणारी. त्याने दहादा तपासलं होतं, इतरांनी तपासलं होतं. विजेची शंका? इथला साक्षीदार आणि तिथला साक्षीदार यांच्यात त्या वर्षी काहीच जुळत नव्हतं. म्हणजे चोर आलाच नव्हता. उरलं ते खरं.

“अगं, त्या वर्षाने आपलं सगळं नेलं,” तो म्हणाला. लोखंडबाईचे दोन्ही हात त्याने धरले होते. ते वर्ष असं पहिल्यांदाच त्याच्या तोंडून आलं. “पण हेही त्याच वर्षाने दिलंय बघ. आपण तिच्या उशाशी बसलो होतो ना, तेव्हा हे चालूच होतं. तिच्यातूनही जात असणार. ती असताना ऐकू आलेली आहे ही, कळतंय का तुला? ती असतानाची.”

त्या दिवशी तो जेवला. सासूबाई आत जाऊन डोळे पुसून आल्या आणि सुनेच्या कानाशी लागल्या, “दोनदा वाढून घेतलं गं त्याने.” दुसऱ्या दिवशी दाढी झाली. आठवड्याभरात तो आंघोळ करताना गायला लागला, नेहमीसारखाच बेसूर. सासूबाई म्हणाल्या, “शेजारी तक्रार करतील,” आणि दाराशी उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

जगाला सांगायच्या आधी ज्याची त्याची सही लागते, ही त्या लोकांची रीत. आरसेवाल्याने म्हणायचं, आरशांकडून घोळ नाही. लेसरवाल्याने म्हणायचं, लेसरकडून नाही. चुंबकीय बाजूची सही लोखंडबाईची. बाकी सगळ्यांच्या झाल्या, तिची राहिली.

तिची समजूत होती, साक्षीदार हलवल्याचं नोंदवलेलं आहे, तेव्हा ही माणसं त्या महिन्यांना हात लावणार नाहीत. नवऱ्याची समजूत होती, बायकोने हरकत घेतली नाही, म्हणजे सगळं ठीकच असणार. आणि त्याने यंत्र हलवलं होतं ते बाप म्हणून. शास्त्रज्ञाला ते आठवलंच नाही. बाकीच्यांनी चुंबकीय बाजू तिच्यावरच सोडलेली. जे घरात बोलायचं नव्हतं, ते कामावरही बोलायचं राहून गेलं. अशी चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती.

सकाळी तिने दार लावून घेतलं आणि त्या वर्षाचं इथल्या साक्षीदाराचं टिपण स्क्रीनवर उघडलं. तोवर तिने ते कधी उघडलं नव्हतं. पंपाचा कर्कश पट्टा आडवा पसरलेला, चालू, बंद, चालू. त्याखाली वीज बिचारी कुठल्या कुठे बुडालेली. ‘अगंबाई,’ ती मनाशी म्हणाली, ‘हा तर बहिराच होता.’ बहिऱ्या साक्षीदाराने काही ऐकलं नाही म्हणून चोर सुटला होता. वीज सगळी तिथेच होती, वजा न केलेली, गुणगुणीचं सोंग घेऊन.

मग तिला दुसरं दिसलं. रोज सकाळी, तिच्या पेटी तपासण्याच्या वेळेला, रेघ ताडकन वर जात होती. मग वरखाली, वरखाली, वरखाली, एकसारखी नाही, मनाला येईल तशी. मग पुन्हा एक उडी, आणि मग नुसता पंप. दुसऱ्या सकाळी तसंच. तिसऱ्या सकाळी तसंच.

लोखंडबाई बराच वेळ कळूनही न कळल्यासारखी बघत राहिली. चाकं पुढे, चाकं मागे. खुर्ची आली, खुर्ची गेली. तिने टेबलाची कड धरली आणि तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडली, कारण भिंतीपलीकडे माणसं होती.

दोन दिवस तिने काहीच केलं नाही. सही केली असती तर? कुणाला कळलं असतं? कधीतरी कळलंच असतं, चार वर्षांनी, सहा वर्षांनी, पुढची यंत्रं आली की. पण तेवढी वर्षं तो आंघोळीत गायला असता. नवऱ्याचं हसू विकत घ्यायला एक खोटी सही, महाग का म्हणायची? ती स्वतःशीच भांडायची, आणि भांडण संपायच्या आत घर यायचं.

“झाली का गं सही?” सासूबाईंनी विचारलं. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलंच होतं.

“नाही अजून.”

“मग कर की बाई. अडवून कशाला धरतेस? तुझ्या त्या एका सहीवर माझं पोर उभं आहे.”

लोखंडबाईने हातातलं भांडं खाली ठेवलं. “आई,” ती म्हणाली, “माझंही पोर आहे त्यात.” सासूबाईंना त्याचा अर्थ लागला नाही, पण सुनेचा चेहरा बघून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या खोलीत गेली. तो भाषणाची तयारी करत होता, सदरा नवा, बाहीला घडीची रेघ तशीच.

“ये ये! सही आणलीस?”

“नाही. मी नाही करणार.”

त्याला आधी थट्टा वाटली. मग नाही वाटली. तिने सांगायला सुरुवात केली तसा त्याचा आवाज चढत गेला. सगळ्यांनी तपासलंय. साक्षीदार जुळत नाहीत. आयत्या वेळी हे काय काढलंस? आणि मग जे बोलायला नको तेही बोलून गेला. “तुला बघवतच नाही. मी जरा हसायला लागलो ते तुला बघवत नाही.”

शब्द सुटला तसा तोच दचकला. एरवी लोखंडबाईने त्याला तिथल्या तिथे सोलून काढला असता. आज तिने एवढंच विचारलं, “त्या वर्षी साक्षीदार कुठे होता रे?”

“कुठे म्हणजे? खाली, खोल...”

तो तिथेच अडला. खिडकीतून पंपाच्या खोलीचं छप्पर दिसत होतं. तो तिकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा असा उतरत गेला, की तिला वाटलं, धावत जाऊन शब्द परत घ्यावेत, सही करावी, मरो ते विश्व.

“पंपामागे,” तो म्हणाला. “मीच नेला होता.”

“तिच्यासाठी नेलास. मीही अडवलं नाही.”

“म्हणजे ती गुणगुण...”

“वीज आहे. सगळी वीज आहे.”

तो खाली बसला. म्हणाला, “ती असतानाची म्हणून मी...” त्याला आता काही सांगू नये असं तिला वाटत होतं. पण त्याचं जे होतं ते त्याच्यापासून लपवायचा हक्क तिला नव्हता.

“ती असतानाचं आहे एक,” ती म्हणाली. “बघायचं असेल तर.”

तिने साक्षीदाराचं टिपण त्याच्या स्क्रीनवर उघडलं आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. पहिली सकाळ बघून त्याला कळलं नाही. दुसरी बघितली. तिसरीला त्याने बोट पुढे केलं आणि त्या वरखाली रेघेवरून हवेतच फिरवलं.

“ही चाकं,” तो म्हणाला. “अगं, ही चाकं! बघ ना, बघ, किती चुळबुळ! एक क्षण म्हणून धड बसत नव्हती कार्टी!” आणि तो हसला, मोठ्याने, डोळ्यांतून पाणी गळत असताना हसला. लोखंडबाईही हसली. इतक्या दिवसांत दोघं तिच्याबद्दल पहिल्यांदा बोलत होती.

मग ते एकेक सकाळ पुढे जात राहिले. चुळबुळ कमी होत गेली. काही सकाळी नुसतीच थोडी थरथर. मग अशा सकाळी, की खुर्ची आल्याची उडी, खुर्ची गेल्याची उडी, आणि मधे काहीच नाही. त्या सकाळी लोखंडबाईला आठवत होत्या. भिंगरी डोळे मिटून बसायची, पण यायची. यायचंच म्हणायची. मग एका सकाळी नुसता पंप.

तो पुढची सकाळ बघायला गेला. नुसता पंप. त्याच्या पुढची. तो बोट दाबत पुढे पुढे जात राहिला, भराभरा, उशिरा आली असेल म्हणून दुपारही शोधायला लागला. तिने त्याचा हात धरला.

“पुढे नाहीये रे.”

“थोडं बघू.”

“नाहीये.”

नंतर हिशेब त्याने स्वतःच परत मांडला. दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. इथला साक्षीदार खाली नीट बसल्यावर वीज किती येते ते काढलं, तेवढा वाटा त्या महिन्यांतून वजा केला. गुणगुण पाण्यात साखर विरघळावी तशी विरघळून गेली. मागे काही राहिलं नाही.

ज्या मीटिंगमध्ये आनंदाची बातमी द्यायची होती, त्याच मीटिंगमध्ये त्याने हे सांगितलं. समोर खोलीत इथली माणसं, भिंतीवरच्या पडद्यावर समुद्रापारची. तो शांतपणे बोलला. साक्षीदार चुकीच्या जागी होता, जागा मी बदलली होती, निष्कर्ष मागे घेतो. लोखंडबाई पहिल्या रांगेत होती. इथल्या कुणी काही विचारलं नाही, इथले सगळे त्या टोपीत किल्ल्या टाकलेले लोक होते.

पडद्यावरच्या एका तरुण मुलीने हात वर केला. ती नवी होती, तिला बिचारीला काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. “पंपाचा गोंगाट समजला,” ती अदबीने म्हणाली. “पण रोज सकाळी हा दुसरा गोंगाट दिसतोय, अगदी यंत्राजवळचा. त्याचं कारण कळलं का?”

त्याने लोखंडबाईकडे पाहिलं.

“कळलंय,” ती बसल्या जागेवरून म्हणाली. “आमची मुलगी आहे ती. शेजारी येऊन बसायची.”

“अच्छा,” पडद्यावरची मुलगी हसली. तिला ते गोड वाटलं असणार. “म्हणजे कारण माहीत आहे. मग तेवढे भाग खराब म्हणून काढून टाकता येतील ना?”

त्याने टेबलावर दोन्ही तळवे टेकले. “येतील,” तो म्हणाला. “काढून टाका.”

मीटिंग संपल्यावर तो घरी गेला नाही. म्हणाला, मला खाली जायचंय, यंत्रापाशी. भिंगरी गेल्यापासून तो त्या वाटेला फिरकला नव्हता. दुपार कलली होती. दोघं फाटकापाशी आली. पाटीवरचा रंग उडाला होता, खिळे तेवढे चमकत होते. त्याने पट्टा काढला, तो खुंटीवर अडकवला. मग खिशातून किल्ल्या काढल्या आणि बोलता बोलता हात पुढे केला, सवयीने, खाली, कमरेच्या उंचीला. तिथे कुणी नव्हतं. किल्ल्या त्याच्या मुठीत तशाच राहिल्या आणि त्याला हात मागे घेता येईना.

लोखंडबाईने केसांतल्या पिना काढून पाटीखाली ठेवल्या. मग ती त्याच्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली, तेवढ्याच उंचीला, आणि ओंजळ पुढे धरली.

“काढा,” ती म्हणाली. “सगळं काढा.”

त्याने किल्ल्या तिच्या ओंजळीत टाकल्या.